सहा भुजांचे तारकाकृती पॉलिमर: संश्लेषण, गॅडोलिनियमची जोडणी, औषध भरणे आणि मोजमाप

एका गाभ्यातून तीन किंवा अधिक सरळ साखळ्या बाहेर पडतात, तेव्हा त्या रेणूला तारकाकृती पॉलिमर म्हणतात. या साखळ्या म्हणजे त्याच्या भुजा. शेफगेन आणि फ्लोरी यांनी १९४८ मध्ये असे पॉलिअमाइड बनवले होते. भुजांची लांबी आपल्याला हवी तेवढी ठेवणे मात्र १९५६ मध्ये झ्वार्क यांनी जिवंत ॲनायॉनिक पॉलिमरीकरण (साखळीचे टोक वाढीसाठी सक्रियच राहते अशी पद्धत) दाखवल्यानंतर जमू लागले. पुढे १९९५ मध्ये एटीआरपी आणि १९९८ मध्ये रॅफ्ट या नियंत्रित पॉलिमरीकरणाच्या पद्धती आल्या आणि हे काम साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले.

औषधवाहक म्हणून या आकाराचे महत्त्व कशात आहे? भुजेचा आतला भाग जलविरोधी आणि बाहेरचा जलस्नेही ठेवला, तर पाण्यात न विरघळणारे औषध आत राहते आणि बाहेरचे कवच ते रक्तात तरंगत ठेवते. शिवाय एकाच रेणूवर अनेक टोके असल्याने औषधाबरोबर एमआरआय प्रतिमेसाठी लागणारा गॅडोलिनियम हा धातूही बसवता येतो. पण हे सगळे भुजा खरोखर ठरवल्या तेवढ्या असतील तरच. कागदावर सहा भुजा आणि फ्लास्कमध्ये सरळ साखळ्यांची भेसळ, हा या कामातला सर्वांत मोठा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष आहे. म्हणून पुढे कृतीपेक्षा तपासण्यांना जास्त जागा दिली आहे.

मार्ग कोणता निवडावा

गाभा आधी की भुजा आधी, असे दोन मुख्य मार्ग आहेत. गाभा आधी घेतला तर अनेक हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेणूपासून साखळ्या वाढवायच्या. यात भुजांची संख्या गाभ्याच्या रेणूवरून ठरते आणि शुद्धीकरण सोपे जाते. भुजा आधी केल्या तर सरळ साखळ्या बनवून नंतर क्रॉसलिंकरने त्यांची टोके एकत्र बांधायची. अशा ताऱ्याला २० किंवा त्याहूनही अधिक भुजा मिळू शकतात, पण प्रत्येक ताऱ्यावर सारख्याच नाहीत, सरासरीने. क्रॉसलिंकर कमी पडला तर बऱ्याच भुजा सुट्या राहतात आणि जास्त झाला तर फ्लास्कमध्ये जेल होते. या दोन टोकांमधली जागा बरीच अरुंद असते. पहिल्यांदा करणाऱ्याने गाभा आधीचा मार्ग घ्यावा. येथे डायपेंटाएरिथ्रिटॉलचा गाभा, पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा आतला भाग आणि पेगचे (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे) कवच अशी रचना धरली आहे.

पहिला टप्पा: पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या सहा भुजा

प्रत्येक भुजेत २० एकके हवी असतील तर गाभ्याच्या एका रेणूमागे १२० मोनोमर (साखळीची सुटी एकके) लागतात. १० ग्रॅम एप्सिलॉन-कॅप्रोलॅक्टोन म्हणजे ८७.६ मिलिमोल. त्यासाठी डायपेंटाएरिथ्रिटॉल ०.७३ मिलिमोल, म्हणजे १८६ मिलिग्रॅम. उत्प्रेरक म्हणून स्टॅनस ऑक्टोएट मोनोमरच्या ०.१ मोल टक्के, म्हणजे ३५.५ मिलिग्रॅम. इतके थोडे वजन सरळ तोलू नका. ३५५ मिलिग्रॅम कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवून १० मिलिलिटर करा आणि त्यातले १ मिलिलिटर वापरा. पूर्ण अभिक्रियेनंतर अपेक्षित रेणुवस्तुमान सुमारे १३,९५० येते.

आता पाण्याचा हिशेब, कारण बहुतेक प्रयोग येथेच फसतात. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःच एक सरळ साखळी सुरू करतो. मोनोमरमध्ये ०.०५ टक्के पाणी राहिले, तर १० ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.२८ मिलिमोल पाणी. तारे आहेत ०.७३ मिलिमोल. म्हणजे तयार मालातल्या दर १०० रेणूंपैकी सुमारे २८ सरळ साखळ्या! वजनाने त्या जेमतेम ६ टक्के असतात, म्हणून सहज नजरेतून सुटतात. पण पुढे पेग जोडल्यावर याच साखळ्या वेगळे मायसेल (पाण्यात जमणारे रेणूंचे गोळे) बनवतात किंवा ताऱ्यांच्या मायसेलमध्ये शिरतात, आणि औषध सोडण्याचे आलेख दर वेळी वेगळे येऊ लागतात.

म्हणून कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर रात्रभर ढवळून निर्वातात ऊर्ध्वपातित करा. डायपेंटाएरिथ्रिटॉल खलबत्त्यात अगदी बारीक कुटून ६० ते ८० अंश सेल्सियसला निर्वातात रात्रभर ठेवा. काचेची भांडी १२० अंशांच्या ओव्हनमधून काढून नायट्रोजनखाली थंड करा. उत्प्रेरकाच्या बाटलीतही पाणी आणि मोकळे २-एथिलहेक्झॅनोइक आम्ल असते, हे विसरू नका. जुनी, वारंवार उघडलेली बाटली या कामाला घेऊ नका.

श्लेंक फ्लास्कमध्ये गाभा आणि मोनोमर (९.७ मिलिलिटर) घेऊन निर्वात आणि नायट्रोजन यांची तीन आवर्तने करा. तेलाच्या बाथमध्ये १३० अंशांना ढवळा. डायपेंटाएरिथ्रिटॉल २०० अंशांच्या वर वितळते, त्यामुळे येथे ते वितळत नाही, हळूहळू विरघळते. उत्प्रेरक घातल्यावर उरलेले कणही नाहीसे होतात, कारण एकदा साखळी सुरू झाली की तो रेणू मोनोमरमध्ये मिसळतो. मात्र फ्लास्कच्या कडेला चिकटलेले दाणे अभिक्रियेत येत नाहीत. मग गाभे कमी आणि भुजा लांब, असा माल हाती येतो. दाणे कडेला दिसले तर फ्लास्क तिरपा करून गरम द्रवाने ते खाली ओढा. द्रावण पारदर्शक झाले नाही तर पुढे जाऊ नका.

दर तासाला चिमूटभर नमुना काढून प्रोटॉन एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपट घ्या. मोनोमरचे शिखर ४.२२ पीपीएमला आणि पॉलिमरचे ४.०६ ला दिसते. दोन्हींच्या क्षेत्रफळांवरून रूपांतरण काढा आणि ९० ते ९५ टक्क्यांना थांबा. पूर्ण १०० टक्क्यांच्या मागे लागून रात्रभर तापवत ठेवले, तर उत्प्रेरक साखळ्यांमध्येच अदलाबदल घडवू लागतो आणि काही भुजा आखूड, काही लांब होतात.

थंड झाल्यावर २५ मिलिलिटर डायक्लोरोमिथेन आणि दोन-चार थेंब ॲसेटिक आम्लात विरघळवून, उणे २० अंशांच्या २५० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये थेंब थेंब सोडा. पांढरा साका गाळा, पुन्हा विरघळवा, पुन्हा साका पाडा. निर्वातात ३५ अंशांच्या आत वाळवा. आखूड भुजांचे पॉलिकॅप्रोलॅक्टोन ५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ओव्हनची घाई नको. या कृतीत उत्प्रेरकातून आलेले सगळे कथील मालात राहिले तर ते सुमारे १,००० पीपीएम (वजनाने दहा लाखांत एक हजार भाग) भरते. वैद्यकीय पॉलिमरसाठी मानली जाणारी मर्यादा २० पीपीएमची आहे. त्यामुळे साका किमान दोनदा पाडायचा आणि उरलेले कथील आयसीपीने (धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या प्लाझ्मा उपकरणाने) मोजायचे.

भुजा मोजणे

एनएमआरमध्ये ३.६४ पीपीएमला टोकाच्या हायड्रॉक्सिलशेजारचे प्रोटॉन दिसतात. ४.०६ चे क्षेत्रफळ भागिले ३.६४ चे क्षेत्रफळ, अधिक १, म्हणजे भुजेतली सरासरी एकके. हे उत्तर बरोबर २० आले तरी तो ताऱ्याचा पुरावा नाही. सरळ साखळीही हेच उत्तर देते. गाभ्याचे सहाही गट वापरले गेले का, हे कार्बन एनएमआरमधल्या मध्यवर्ती चतुष्क कार्बनवरून कळते: ४२ ते ४६ पीपीएमच्या पट्ट्यात, न वापरलेल्या प्रत्येक हायड्रॉक्सिलगणिक शिखर किंचित सरकते. तेथे एकच शिखर दिसले पाहिजे.

जीपीसीबाबत (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीबाबत) एक फसवणूक ठाऊक असावी. पॉलिस्टायरीनच्या मानकांवर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये मोजले तर सरळ पॉलिकॅप्रोलॅक्टोन खऱ्यापेक्षा बरेच मोठे दिसते, म्हणून त्या आकड्याला ०.५६ ने गुणतात. उलट तारा आटोपशीर असल्याने तो खऱ्यापेक्षा लहान दिसतो. झिम आणि स्टॉकमायर यांच्या सूत्रानुसार सहा भुजांच्या ताऱ्याच्या त्रिज्येचा वर्ग, तेवढ्याच वजनाच्या सरळ साखळीच्या ०.४४ पट असतो आणि चार भुजांसाठी ०.६३ पट. दोन्ही चुका विरुद्ध दिशांना असल्याने कधी कधी त्या एकमेकींना खातात आणि आकडा अपेक्षेइतका निघतो. त्या योगायोगावर विसंबू नका. अनेक कोनांतून प्रकाशविकिरण मोजणारा शोधक जोडून खरे रेणुवस्तुमान काढा. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा अपवर्तन फरक या द्रावकात लहान असल्याने संकेत क्षीण येतो. नमुना मिलिलिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम घ्यावा लागतो. मुख्य शिखराच्या मागे, लहान रेणूंच्या बाजूला खांदा दिसला तर तो पाण्यापासून सुरू झालेल्या साखळ्यांचा. तो दिसला तर मोनोमर पुन्हा वाळवून पहिल्यापासून करणे हाच स्वस्त उपाय आहे.

दुसरा टप्पा: पेगचे कवच

१ ग्रॅम ताऱ्यात हायड्रॉक्सिल ०.४३ मिलिमोल. एका टोकाला मिथॉक्सी आणि दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल असलेला २,००० रेणुवस्तुमानाचा पेग हायड्रॉक्सिलच्या १.३ पट, म्हणजे सुमारे १.१२ ग्रॅम. जोडणी घडवणारे डीसीसी १३८ मिलिग्रॅम, उत्प्रेरक डीएमएपी ५ मिलिग्रॅम, कोरडे डायक्लोरोमिथेन २० मिलिलिटर. खोलीच्या तापमानाला ४८ तास ढवळा. डीसीसीपासून तयार झालेले युरिया ४ अंशांना रात्रभर ठेवून गाळून टाका, नाहीतर ते पुढे प्रकाशविकिरणात कचरा म्हणून दिसत राहते. डीसीसी त्वचेला तीव्र ॲलर्जी आणते, हातमोजे न चुकता घाला.

जास्तीचा पेग थंड इथरमध्ये साका पाडून निघत नाही, कारण पेगही तेथेच साक्यात येतो. माल पाण्यात मायसेल होऊ द्या आणि १२,००० ते १४,००० मर्यादेच्या डायलिसिस पटलातून दोन दिवस, पाणी बदलत धुवा.

येथे एनएमआरचा दुसरा सापळा आहे. पेगचे मोठे शिखर ३.६४ ला येते, म्हणजे मोकळ्या हायड्रॉक्सिलचे शिखर त्याखाली पूर्ण झाकले जाते. मिथॉक्सीचे ३.३८ चे शिखरही गाभ्याच्या इथर गटाशी भिडते. त्यामुळे टोकांची मोजणी पेग जोडण्याआधीच करून ठेवावी लागते. जोडणी पूर्ण झाली का, हे ३.६४ आणि ४.०६ यांच्या गुणोत्तरावरून पाहा. पेगचे १८० प्रोटॉन आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे ४० प्रोटॉन प्रत्येक भुजेवर, म्हणजे ४.५. हाच आकडा ३.७५ आला तर सरासरी पाचच भुजांना पेग लागला आहे. हे गुणोत्तर पटलातून धुतल्यानंतर काढायचे, सुटा पेग असताना नाही.

गॅडोलिनियम कुठे बसवावे

गॅडोलिनियमच्या त्रिधन आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात आणि त्याला स्पर्श करणाऱ्या पाण्याचे प्रोटॉन लवकर शिथिल होतात. म्हणून टी-वन (प्रोटॉन शिथिल होण्याचा एक काळ) वर आधारित एमआरआय प्रतिमेत तो भाग उजळ दिसतो. लहान किलेटांची (धातू धरून ठेवणाऱ्या रेणूंची) रिलॅक्सिव्हिटी, म्हणजे प्रोटॉन शिथिल करण्याची क्षमता, १.५ टेस्लाला साधारण ४ ते ५ प्रति मिलिमोलर प्रति सेकंद असते. मोठ्या रेणूला बांधले की धातूचे फिरणे मंदावते आणि ती वाढते. पण जागा चुकली तर हा फायदा जातो. जलविरोधी गाभ्यात बसवले तर पाणी तेथे पोहोचत नाही. पेगच्या अगदी बाहेरच्या टोकाला बसवले तर लवचीक शेपटीवर किलेट स्वतंत्रपणे गरगरत राहते आणि तारा मोठा असूनही उपयोग होत नाही. योग्य जागा म्हणजे गाभ्याजवळची कवचाची आतली बाजू.

ते साधण्याचा सोपा मार्ग: पेग जोडतानाच सहापैकी दोन हिश्श्यांना, बॉक गटाने झाकलेले अमाइन असलेला १,००० चा आखूड पेग द्या आणि बाकीच्यांना २,००० चा. अमाइन मग कवचाच्या आत दडते. एकच हिस्सा दिला तर दैवगतीने वाटणी होऊन दर १०० ताऱ्यांपैकी सुमारे ३३ वर एकही अमाइन नसते. दोन हिस्से दिल्यास असे तारे ९ च्या आसपास उरतात. गुणोत्तराचा ४.५ हा आकडा अर्थातच त्या प्रमाणात खाली येईल, तो नव्याने मोजून ठेवा. बॉक काढताना ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल आणि डायक्लोरोमिथेन यांचे मिश्रण शून्य अंशाला अर्धा ते एक तास, त्याहून जास्त नाही. रात्रभर ठेवल्यास एस्टर तुटून भुजाच गळतात.

डोटा या वलयी किलेटचा सक्रिय एस्टर अमाइनच्या २ ते ३ पट, पीएच ८ ते ८.५ ला जोडा आणि पटलातून धुवा. डीटीपीए हे रेषीय किलेट खोलीच्या तापमानाला झटकन धातू धरते, पण रेषीय किलेट धातू सोडण्याची शक्यता अधिक. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णांत त्वचा आणि अवयव कडक होण्याच्या आजाराचा संबंध गॅडोलिनियमशी २००६ मध्ये जोडला गेला. युरोपात २०१७ मध्ये अनेक रेषीय संयुगांचा वापर थांबवला गेला. तारे शरीरात लहान किलेटांपेक्षा जास्त काळ राहतात, म्हणून येथे वलयी डोटाच घ्यावे, वेळ लागला तरी.

गॅडोलिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट डोटाच्या १.१ पट घेऊन पीएच ५.५ ते ६ ला, ४० अंशांना रात्रभर ढवळा. धातू धरला जाताना प्रोटॉन सुटतात आणि पीएच घसरतो. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने तो सावरा. ७ च्या वर गेला तर धातूचे हायड्रॉक्साइड साका होऊन बसते आणि नंतर ते गाभ्यात अडकलेले धातू समजून मोजले जाते. फॉस्फेट बफर तर मुळीच वापरू नका, गॅडोलिनियम फॉस्फेट लगेच खाली बसते. मोकळा धातू काढण्यासाठी ईडीटीए हे लहान किलेट घालून पटलातून धुवा. मग झायलेनॉल ऑरेंजचे द्रावण पीएच ५.८ ला घालून पाहा. पिवळे राहिले तर ठीक, जांभळट झाले तर पुन्हा धुणे आले.

तिसरा टप्पा: औषध भरणे

औषध सर्वांत शेवटी भरायचे. येथे घेतलेले कर्करोगावरचे औषध डॉक्सोरुबिसिन स्वतःच धातू धरते आणि आधी भरले तर प्रत्येक धुण्यात गळते.

४० मिलिग्रॅम तारे आणि ४ मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन हायड्रोक्लोराइड २ मिलिलिटर डीएमएफ या द्रावकात घ्या. ट्रायएथिलअमाइन ३ मोल पट, म्हणजे जेमतेम २.९ मायक्रोलिटर. ते दहापट सौम्य करून २९ मायक्रोलिटर घाला. अंधारात दोन तास ढवळा, मग ८ मिलिलिटर पाणी थेंब थेंब सोडा, दहा मिनिटांत संपेल अशा गतीने. २४ तास डायलिसिस करा, पहिल्या आठ तासांत पाणी चार वेळा बदला. शेवटी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टर लालसर झाला तर तेवढे औषध आत न जाता साका झाले होते. हे औषध पेशीनाशक आहे. सगळे काम फ्यूम हूडमध्ये, दुहेरी हातमोज्यांनी, आणि डायलिसिसचे पहिले पाणीही पेशीनाशक कचऱ्यात.

भरण मोजताना वाळवलेली पूड तोलून डीएमएफमध्ये विरघळवा आणि ४८० नॅनोमीटरला शोषण घ्या. प्रमाणवक्रही डीएमएफमध्येच काढलेला हवा. या कृतीत मोकळे औषध ३.७५ मिलिग्रॅम असते, म्हणून भरण कितीही उत्तम झाले तरी ८.६ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. त्याहून मोठा आकडा आला तर पुडीचे वजन किंवा वक्र चुकला आहे.

औषध आत कोंडण्याऐवजी रासायनिक बंधाने जोडता येते. हायड्रॅझोन बंध पीएच ५ च्या आसपास, पेशीच्या आतल्या कप्प्यांत तुटतो. डायसल्फाइड बंध ग्लुटाथायोनने तुटतो, जे पेशीत १ ते १० मिलिमोलर आणि रक्तात काही मायक्रोमोलर असते. बांधलेले औषध वाटेत कमी गळते, पण यश आपोआप मिळत नाही. चार भुजांच्या पेगला इरिनोटेकान जोडलेले एटिरिनोटेकान पेगॉल स्तनकर्करोगाच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले. ८५२ स्त्रियांच्या त्या चाचणीत मध्यक जीवनकाल १२.४ विरुद्ध १०.३ महिने आला, पण फरक सांख्यिकीदृष्ट्या पुरेसा ठरला नाही.

एकटा रेणू की समूह

सुमारे २६,००० रेणुवस्तुमानाच्या अशा एकट्या ताऱ्याचा व्यास १० नॅनोमीटरच्या आसपास असतो. डीएलएसमध्ये (प्रकाशविकिरणाने कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) ५० किंवा ६० दिसले तर ते अनेक ताऱ्यांचे मायसेल आहे. त्यात गैर काही नाही, पण मग त्याला एकरेण्वीय मायसेल म्हणू नये. समूह पातळ केल्यावर विस्कटतो. १०० मिलिग्रॅम माल ५ लिटर रक्तात गेला की लिटरमागे २० मिलिग्रॅम उरतो. पायरीन घालून मोजलेली क्रांतिक मायसेल संहती (जिच्याखाली मायसेल विस्कटतात ती) याच्या बरीच खाली, लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅमच्या घरात हवी. तशी येत नसेल तर आतली भुजा लांब करा. उलट बाजूने, साधारण ५.५ नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंडातून झपाट्याने निघून जातात.

सुटण्याची चाचणी ३७ अंशांना, पीएच ७.४ आणि ५.० अशा दोन बफरमध्ये करा: पिशवीत १ मिलिलिटर, बाहेर ३० मिलिलिटर. सोबत नुसत्या औषधाची पिशवी ठेवलीच पाहिजे, कारण पटल स्वतः किती उशीर लावते हे तिच्यावरूनच कळते. डॉक्सोरुबिसिन ७.४ ला काही दिवसांत विघटित होते. त्यामुळे ७२ तासांनंतर आलेख सपाट झाला म्हणजे सुटणे थांबले, असा अर्थ काढू नका.

रिलॅक्सिव्हिटीसाठी ०.०५ ते ०.८ मिलिमोलर गॅडोलिनियमची पाच द्रावणे करा, ३७ अंशांना टी-वन मोजा, १ भागिले टी-वन उभ्या अक्षावर आणि संहती आडव्या अक्षावर. रेषेचा उतार हेच उत्तर. संहती पुडीच्या वजनावरून काढू नका, वाळवलेल्या पेगमध्येही पाणी राहते. त्याच द्रावणातला नमुना नायट्रिक आम्लात पचवून आयसीपीवर धातू मोजा. उत्तरासोबत चुंबकीय क्षेत्र लिहा, कारण मंद फिरण्याचा फायदा ०.५ ते १.५ टेस्लाला ठळक असतो आणि ७ टेस्लाला बराच ओसरतो. आकडा एका गॅडोलिनियममागे आहे की एका ताऱ्यामागे, हेही लिहा.

धातू नकोच असेल तर फ्लोरीन-१९ चा पर्याय आहे. शरीराच्या मऊ ऊतींत फ्लोरीनचा संकेत जवळपास नसतो, त्यामुळे पार्श्वभूमी कोरी राहते. मात्र फ्लोरीनयुक्त एकके एकमेकांना चिकटली की टी-टू हा दुसरा शिथिलन काळ घसरतो आणि संकेतच हरवतो. ती एकके जलस्नेही एककांमध्ये विखरून ठेवावी लागतात. पेटसाठी (किरणोत्सर्गी अणूंवर आधारित प्रतिमेसाठी) डोटावर तांबे-६४ बसवता येते. त्याचा अर्धायुकाल १२.७ तास, म्हणून दोन दिवसांपर्यंतचा प्रवास दिसतो. त्याहून जास्त काळ रक्तात राहणाऱ्या ताऱ्यांना ७८ तासांचा झिर्कोनियम-८९ बरा, पण त्याला डोटाऐवजी डेफेरॉक्झामिन जोडतात.

पेशींवरच्या चाचणीत चार गट ठेवा: रिकामे तारे, धातू असलेले पण औषध नसलेले तारे, पूर्ण तारे आणि नुसते औषध. दुसरा गट बहुतेक वेळा वगळला जातो आणि मग मोकळ्या गॅडोलिनियमचा विषारीपणा औषधाच्या खात्यावर जमा होतो. प्राण्यांकडे जाण्याआधी एलएएल चाचणीने एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) पाहा.

साठवण उणे २० अंशांना, वाळवलेल्या पुडीच्या रूपात, अंधारात. लायोफिलायझरमध्ये (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात) घालण्याआधी ताऱ्यांच्या वजनाइतके ते पाचपट ट्रेहॅलोज घाला. नाहीतर गोठताना पेगची कवचे एकमेकांत गुंततात आणि पाणी घातल्यावर ६० चे कण ३०० नॅनोमीटरचे होऊन येतात. ट्रेहॅलोज घातलेल्या पुडीवरून औषधाचे भरण काढू नका, त्यासाठी साखर न घातलेला वेगळा भाग वाळवा. पूड पुन्हा विरघळवली की इंजेक्शन भरण्याआधी डीएलएस दर वेळी नव्याने घ्या.